आतड्यांचा दाह आणि मनावरचा ताण: दोन्हींवर एकत्र उपचार कसे करायचे

"टेन्शन घेऊ नकोस, पोट आपोआप बरं होईल." अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार झालेल्या माणसाला हे वाक्य घरात, ऑफिसात आणि कधी कधी दवाखान्यातही ऐकावं लागतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आधीच रक्त पडतंय, दिवसातून आठ-आठ वेळा संडासला पळावं लागतंय, आणि वर हे सगळं आपणच ओढवून घेतलं असा ठपका. पुण्यात अशा रुग्णांसोबत समुपदेशक म्हणून काम करताना मला हेच दिसत आलंय. ताणाबद्दल सगळे बोलतात, त्याचं करायचं काय ते फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख. यातल्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या, कारण दुसरी पायरी गाळून पाचवीवर उडी मारली तर नुकसान होऊ शकतं.

पायरी १ : ताणामुळे रोग झाला, हे डोक्यातून काढा

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे दोन्ही आजार आयबीडी, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह, या नावाखाली येतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि तिथे सूज, जखमा होतात. त्यामागे अनुवंश, आतड्यातले जिवाणू, पर्यावरण अशी बरीच कारणं गुंतलेली असतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर अल्सरेटिव्ह कोलायटिसची गणना मनोकायिक, म्हणजे मनातून उद्भवणाऱ्या, आजारांत होत असे. रुग्णाचा स्वभाव, आईशी असलेलं नातं यांत कारण शोधलं जाई. पुढच्या संशोधनाने ते मोडीत काढलं. तरीही ती समजूत आपल्या घराघरांतून अजून बोलली जाते, आणि रुग्ण तिचं ओझं वाहतात.

मग ताणाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. ताण आला की मेंदूकडून निघालेल्या आदेशांनी कॉर्टिसोल, ॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, मोठ्या आतड्याची हालचाल जलद होते, अस्तर जास्त पाझरू लागतं. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस एरवी सूज आवरायला मदत करते, तिचं काम मंदावतं. उलट दिशेने, सुजलेल्या आतड्यातून रक्तात उतरलेली रसायनं मेंदूवर परिणाम करतात. मन उदास होतं, थकवा येतो, कशात रस वाटत नाही. आयबीडीच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना चिंतेची आणि एक चतुर्थांश लोकांना नैराश्याची लक्षणं असतात. रोग पेटलेला असताना हे प्रमाण आणखी वाढतं. तेव्हा मन खचणं हा मनाचा कमकुवतपणा समजू नका. तो आजाराचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत.

पायरी २ : सूज आहे की आतडं हळवं झालंय, ते तपासून घ्या

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. रोग शांत असतानाही साधारण तीनातल्या एका रुग्णाला मुरडा, जुलाब, पोट फुगणं असा त्रास होत राहतो. आतली सूज गेलेली असते, पण तिथल्या नसा हळव्या झालेल्या असतात. लक्षणं जवळपास सारखीच, उपचार मात्र वेगळे. ताणाचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. कोणी खरी सूज टेन्शनवर ढकलून महिनाभर अंगावर काढतं, तर कोणी सूज नसताना घाबरून शिल्लक राहिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनानेच सुरू करतं.

अंदाज बांधण्यापेक्षा शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करून घ्या; आतड्यात सूज असली की हे प्रथिन शौचात वाढतं. पुण्यातल्या मोठ्या लॅबमध्ये ती होते. ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आली तर आतड्यात सूज असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर गेली तर बहुधा सूज आहे. मधल्या आकड्यांना डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी हा आकडा वाढू शकतो, आणि या गोळ्या आयबीडीत एरवीही टाळायच्याच असतात. ताप किंवा डोकेदुखीसाठी पॅरासिटॅमॉल चालते. सोबत सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या. औषधं बदलायची की नाही हे मात्र रिपोर्ट हातात घेऊन पोटाच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

काही लक्षणांत ताण आहे की नाही याचा विचारही करत बसू नका. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप, नाडीचे ठोके ९० च्या वर, पोट फुगून कडक होणं, उलट्या थांबत नसणं: यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी स्वतःहून घेऊ नका, तीव्र कोलायटिसमध्ये ती घातक ठरू शकते.

पायरी ३ : मनाच्या नावावर खपणारी शरीराची कारणं शोधा

"हल्ली काहीच करावंसं वाटत नाही" असं सांगत माणूस माझ्याकडे येतो, आणि फाईल उघडली तर हिमोग्लोबिन ८ असतं. रक्तस्रावामुळे लोह कमी होतं, क्रोन्समध्ये लहान आतड्याचं शेवटचं टोक सुजलेलं असेल तर बी १२ शोषलं जात नाही, आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता तर आपल्याकडे सर्रास. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या झालेल्या नसतील तर त्या करून घ्याव्यात. शरीरात लोह नसताना समुपदेशनाच्या दहा बैठका घेतल्या तरी अंगात उभारी येणार नाही.

दुसरं कारण औषध. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेणाऱ्या बऱ्याच जणांची झोप उडते, चिडचिड वाढते, काहींना विनाकारण रडू येतं, काही जण रात्री दोन वाजता घर आवरायला काढतात. हे औषधाचं काम आहे हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं तर निम्मी भांडणं टळतात. डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं नसेल तर गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या, दुपारनंतर नको. मनावरचा परिणाम फार होत असेल तर डॉक्टरांना फोन करा, पण गोळी एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं, डोस हळूहळूच उतरवावा लागतो.

याच ओघात एक कळकळीचं सांगणं. बरं वाटायला लागलं की मेसालामाइन हे सूज आवरणारं रोजचं औषध सोडून द्यायचं, किंवा कुणीतरी दिलेलं चूर्ण सुरू करून मूळ औषध बंद करायचं, असं फार होतं. रोज गोळ्या घ्यायच्या म्हणजे रोज आजाराची आठवण, ती नकोशी वाटते. मला ते समजतं. पण औषध सोडणाऱ्यांमध्ये रोग उचल खाण्याचा धोका बराच वाढतो, आणि त्यानंतर येणारा ताण गोळीच्या कंटाळ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

पायरी ४ : रोजची वही ठेवा

मोबाइल ॲप चालेल, पण मला साधी वही बरी वाटते. रोज रात्री पाच मिनिटं. चार रकाने आखा: किती वेळा जावं लागलं आणि रक्त होतं का, झोप किती झाली, दिवसातला सगळ्यात त्रासाचा प्रसंग कोणता आणि त्याला दहापैकी किती गुण, गोळ्या घेतल्या का. खाण्याचा रकाना मी मुद्दाम घालायला सांगत नाही. तो घातला की लोक एकेक पदार्थ कमी करत शेवटी मऊ भात आणि ताकावर येतात, वजन उतरतं आणि जेवणाचीच धास्ती बसते. खाण्याचा तपशील आहारतज्ज्ञांसोबत वेगळा पाहावा.

दोन-तीन आठवड्यांनी वही मागून पुढे वाचा. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी एक मुलगी कोलायटिसमुळे यायची. तिला वाटायचं, परीक्षेच्या टेन्शनने पोट बिघडतं. वही वेगळंच बोलत होती. टेस्ट सिरीजच्या दिवशी फारसं काही व्हायचं नाही; त्रास व्हायचा तो मेसचं जेवण उशिरा मिळालेल्या आणि रात्री एकपर्यंत अभ्यासिकेत बसलेल्या दिवसांच्या दुसऱ्या दिवशी. त्यातही सगळ्यात जास्त गुण तिने एकाच गोष्टीला दिले होते: सकाळी सात ते आठ या वेळात आठ मुलींमध्ये एकच संडास. आम्ही परीक्षेच्या भीतीवर काही केलंच नाही. घरमालकिणीशी बोलून तिने सकाळी साडेसहाची वेळ स्वतःकडे घेतली, आणि रूममेट्सना पहिल्यांदाच आजाराचं नाव सांगितलं.

तुमच्या वहीत कदाचित वेगळी गोष्ट सापडेल. कुणाला औषधांच्या बिलाची काळजी असते. कुणाला निदानच नक्की होत नसल्याची: आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की काही रुग्णांना आधी काही महिने टीबीची औषधं देऊन पाहावं लागतं, आणि त्या अधांतरी काळात माणूस पार थकतो. ताणाला नेमकं नाव मिळालं की त्यावर काम करता येतं.

पायरी ५ : घराबाहेर पडण्याची भीती

रुग्णांचं जग सगळ्यात जास्त कशाने आकसत असेल तर ते या भीतीने. वाटेत लागली तर? कोथरूडहून हिंजवडीला ऑफिसची बस, वाकडच्या अलीकडे तासभर अडकलेली, मागच्या सीटवर घाम फुटलेला माणूस. असा एक प्रसंग पुरतो. मग तो बस सोडतो, मग ऑफिसात जाणं, मग लग्नकार्य, शेवटी मित्रांचे फोनही घेत नाही.

आधी शरीराची बाजू. घाई लागणं हे बहुधा गुदाशयाच्या सुजेचं लक्षण असतं. सुजलेला गुदाशय ताणला जात नाही, थोडं साठलं तरी लगेच कळ येते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामाइनच्या गुदमार्गे घ्यायच्या गोळीने किंवा एनिमाने यात चांगला फरक पडू शकतो. लोक लाजेपायी हे उपचार टाळतात, डॉक्टरही कधी कधी विचारायचं विसरतात. "मला कळ आल्यावर किती मिनिटं थांबता येतं" हे डॉक्टरांना आकड्यात सांगा.

मग वेळेचं गणित. जेवल्यावर मोठं आतडं हलायला लागतं, सकाळी तर जास्तच, आणि चहा-कॉफीने त्यात भर पडते. म्हणून निघण्याच्या दहा मिनिटं आधी चहा-पोहे खाऊन पळू नका. अर्धा-पाऊण तास आधी उठा, खा, आतड्याला त्याचं काम करू द्या, मग निघा. प्रवास आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणं हा उपाय नव्हे. त्याने अशक्तपणा येतो आणि संध्याकाळी पोट जास्त बंड करतं.

सोबत एक छोटी पिशवी ठेवा: एक जादा अंतर्वस्त्र, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, ओले टिश्यू, एक पॅड, घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, हाताचं सॅनिटायझर. शंभरातल्या नव्वद वेळा ती उघडावी लागणार नाही. ती आहे हे माहीत असल्यानेच धडधड कमी होते.

आता भीतीवरचं खरं काम. रोग शांत असेल, कॅलप्रोटेक्टिन बरं असेल, तेव्हाच हे करा. फ्लेअर, म्हणजे रोग पुन्हा पेटलेला, असताना नाही. सोप्याकडून अवघडाकडे अशी तुमची शिडी लिहून काढा. कोथरूडमधल्या माणसाची शिडी अशी असू शकते: गर्दी नसलेल्या वेळी मेट्रोने वनाज ते नळ स्टॉप आणि परत. मग डेक्कनपर्यंत. मग सिव्हिल कोर्टला गाडी बदलून स्वारगेट. मग पीएमपीच्या बसने दोन स्टॉप. मग तीच बस, पण संध्याकाळच्या गर्दीत. सगळ्यात शेवटी हिंजवडी. प्रत्येक पायरी आठवड्यातून तीन-चारदा करा, आणि भीती दहापैकी तीनवर उतरेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका. मेट्रोने सुरुवात करण्याचं कारण एवढंच की दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येतं आणि ट्रॅफिकमध्ये अडकायला होत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. कळ नसताना "असू दे" म्हणून निघण्याआधी चार-चार वेळा टॉयलेटला जाऊन बसू नका, त्याने मेंदूला धोका असल्याचीच खात्री पटत जाते. आणि भीती ऐन भरात असताना घरी परतू नका. उतरा, फलाटावर बसा, श्वास मंद करा, ती ओसरू द्या, मग ठरवा. खरी कळ आली तर मात्र खुशाल जा, त्यात हरण्यासारखं काही नाही.

पायरी ६ : श्वास, झोप, चालणं, योग

श्वासाचा सराव शांत वेळी करा, म्हणजे अडचणीच्या वेळी तो हाताशी राहतो. पाठीवर पडून एक हात पोटावर ठेवा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पोट सैल. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. मंद, लांब उच्छ्वासाने व्हेगस नसेचं काम वाढतं. पोटाला झटके देणारी कपालभाती फ्लेअरच्या काळात टाळावी असं माझं मत आहे.

योगाबद्दल पुण्यात वेगळं सांगायला नको, इथे पेठेपेठेत वर्ग आहेत. पुरावाही आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ७७ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना १२ आठवडे, दर आठवड्याला ९० मिनिटं योग शिकवला. बाकीच्यांना फक्त लेखी सल्ला दिला. योग करणाऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा दर्जा जास्त सुधारला. पण हे सगळे रुग्ण आपली औषधं घेत होते, हे विसरू नका. योग किंवा ध्यानाने आतड्याची सूज जाते असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठा.

झोपेचं महत्त्व लोक कमी लेखतात. झोप बिघडलेल्या रुग्णांमध्ये रोग पुन्हा उचल खाण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. उठायची वेळ सुटीच्या दिवशीही एकच ठेवा. तळजाई, हनुमान टेकडी, घराजवळची बाग, जिथे जमेल तिथे अर्धा तास चाला. टेकडीवर टॉयलेट नाही ही धास्ती असेल तर बागेपासून सुरुवात करा. सिगारेट ताण हलका करते असं वाटतं, पण क्रोन्समध्ये तिच्यामुळे रोग बळावतो. ती सोडणं हा क्रोन्सच्या उपचाराचाच भाग आहे.

पायरी ७ : माणसं

आपल्याकडे प्रेम ताटातून वाढलं जातं, म्हणून आग्रह हा आयबीडीच्या रुग्णाला मोठा जाच होतो. दर वेळी आजार समजावत बसू नका. एकच वाक्य पाठ ठेवा: "मावशी, आतड्याचं औषध चालू आहे, डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय, पण तुमच्याजवळ बसून खाते." शेवटच्या चार शब्दांनी समोरच्याचं मन राखलं जातं.

घरच्यांनी करायचं काम वेगळं. संडासचं दार वाजवू नका. रोज "आज किती वेळा?" विचारू नका, आठवड्यातून एकदा निवांत बसून विचारा. "तू सांभाळत नाहीस" ऐवजी "ओपीडीला मी येऊ का?" असं म्हणा.

लग्नाचा प्रश्न मुलींच्या बाबतीत फार छळतो. आईवडील म्हणतात, आत्ता सांगू नका. मी उलट सांगते. साखरपुड्याआधी, दोघंच असताना, आजाराचं नाव, चालू औषध आणि सध्याची स्थिती साध्या शब्दांत सांगा. रोग शांत असताना गर्भधारणा बहुतेकींना नीट पार पडते, औषधांचं नियोजन मात्र आधीच डॉक्टरांशी बोलून करावं लागतं. लपवून केलेल्या संसारात गोळ्यांच्या डब्या कपाटात दडवत काढलेली वर्षं मी जवळून पाहिली आहेत, आणि त्या ताणाला औषध नाही.

ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही. मॅनेजरला किंवा एचआरला लेखी कळवा आणि नेमकं मागा: टॉयलेटजवळची जागा, सकाळच्या मीटिंगला तासभर उशीर, फ्लेअरच्या दिवशी घरून काम. "तब्येत बरी नसते" या मोघम वाक्यावर कुणाला काही करता येत नाही.

पायरी ८ : तज्ज्ञांकडे केव्हा आणि कसं जायचं

दोन आठवडे रोज उदास वाटतंय, आवडत्या गोष्टींतही मन लागत नाही, भीतीमुळे काम किंवा कॉलेज बुडतंय, जेवणाचीच धास्ती बसली आहे, किंवा गोळ्या घ्यायच्याच सोडून दिल्या आहेत: यांपैकी एकही असेल तर जा. सूज आटोक्यात आल्यावर मनाकडे पाहू असं म्हणून थांबू नका, दोन्ही उपचार एकाच वेळी चालतात.

मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. त्यात विचार आणि वागणूक बदलण्यावर काम करणारी सीबीटी ही पद्धत सगळ्यात जास्त वापरली जाते. अशा उपचारांनी मन आणि रोजचं जगणं सुधारतं, सुजेवरचा परिणाम तितका खात्रीचा नाही. तुमच्या आणि उपचार करणाऱ्याच्या अपेक्षा नेमक्या राहाव्यात म्हणून हे आधीच सांगते. औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात. कमी डोसातली ॲमिट्रिप्टिलिन ही नैराश्यरोधक गोळी हळव्या आतड्याच्या दुखण्यावरही वापरली जाते. काही नैराश्यरोधक गोळ्यांनी सुरुवातीला जुलाब वाढू शकतात, त्याला फ्लेअर समजून घाबरू नका, डॉक्टरांना कळवा.

खर्चाची अडचण असेल तर ससूनमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर वाट न पाहता लगेच हा क्रमांक लावा, आणि घरातल्या एकाला तरी त्याच वेळी सांगा. मेडिक्लेम असेल तर तीही पाहा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं लागतं. ओपीडीतल्या समुपदेशनाची फी मात्र बऱ्याच पॉलिसींत बसत नाही, तेवढं आधी विचारून घ्या.

पहिल्या भेटीला जाताना वही, कॅलप्रोटेक्टिनचा शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन जा. त्यात स्टिरॉइडचा डोस आणि तो कधी सुरू झाला ते लिहिलेलं असू द्या. तिथे नवीन गोळी लिहून दिली तर चिठ्ठीचा फोटो त्याच दिवशी पोटाच्या डॉक्टरांना पाठवा.